रेतीची पाच माणसं

नावेजवळच्या रेतीवर तीन गाद्या, दोन ताडपत्र्या, एक गॅसची शेगडी, पाण्याचे दोन कॅन आणि पाच लाइफ जॅकेट होती. पाचातलं एक जॅकेट लहान मुलाचं होतं. दिव्यानीनं सगळं दोनदा मोजलं. मोजण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा ती नावेकडं वळली.

नाव पिवळीजर्द झाली होती. हेमराजनं ती रंगवायला पाण्याबाहेर काढली आणि मे महिन्याच्या उन्हात पंधरा दिवस पालथी घालून ठेवली. लाकडी नाव उन्हाळ्यात दगड भरून उथळ पाण्यात बुडवून ठेवायची असते, नाहीतर फळ्या वाळतात आणि सांधे उघडतात. वैनगंगेच्या काठावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेमराजलाही ठाऊक होतं. पण जाहिरातीच्या फोटोत काळी नाव चांगली दिसत नव्हती.

सकाळी ती पाण्यात लोटली, आणि तळाशी पाणी चमकलं.

"फुगते ते," हेमराज म्हणाला. "दोन-तीन दिवसात फळ्या फुगून बरोब्बर बसतेत."

"पाहुणे आज येऊन राह्यले, भाऊ."

"मले माहीत नाई का?"

पाहुणे नागपूरचे. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. रात्र डोहाच्या मधोमध, नांगर टाकलेल्या नावेतच काढायची असं ठरलं होतं. सोबत हेमराज आणि त्याची बहीण दिव्यानी. हेमराजचं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि ते पुढच्या आठवड्यावर जायला तयार नव्हतं. तिकडं गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातला ठेकेदार हेमराजच्या होकाराची आज संध्याकाळपर्यंतच वाट पाहणार होता. त्याच्याकडं सहा वर्षं राबून हेमराज दिवाळीला घरी परतला होता, तो छातीत खोकला घेऊन.

"रेतीवरच तंबू लावला तर?" दिव्यानीनं विचारलं.

"रेतीवर झोपाचं असतं तं इतक्या दूर काऊन येतीन ते?"

"मग भार टाकून पाहू. रिकामी नाव वर तरंगते. वरचे सांधे पाण्याखाली जातच नाहीत, तर गळतात का ते कळणार कसं?"

हेमराजला ते पटलं. खताची रिकामी पोती आणून दोघा भावंडांनी आणि हेमराजच्या बायकोनं, रिंकूनं, रेती भरली. एकेका माणसाच्या वजनाची चार पोती, आणि एक छोटं.

"हा मी का?" हेमराजनं एक पोतं उचलून पाहिलं. "लय फुगवलं मले."

"घरी बसून जेवता न आता," रिंकू म्हणाली. मग तिनं छोट्या पोत्यातली दोन ओंजळी रेती काढून टाकली. "नागपूरची पोरगी आहे. इतकी जाड नसन."

पोती चढवली. नाव खाली बसली. हेमराजनं तळातलं सगळं पाणी उपसून कोरडं केलं आणि दोन बोटं जोडून आडवी धरली.

"तासाभरात इतकं आलं तं चालते. रातभर उपसत बसीन मी. याच्या वर आलं तं..."

"तं काय?" रिंकूनं विचारलं.

"तं सोमवारी गडचांदूर."

दिव्यानीनं पिशवीतून स्टीलची पट्टी काढून त्याच्या बोटांना लावली. साडेतीन सेंटिमीटर.

"काय बाई, परीक्षा आहे का हे?" रिंकू म्हणाली.

तास संपत आला तेव्हा हेमराजचा फोन वाजला आणि लगेच तुटला. रेंजसाठी तो दरडीवर चढला. त्याची पाठ झुडपाआड गेली तशी रिंकू उठली. लुगडं खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि जर्मनचा गंज, ॲल्युमिनियमचं ते पातेलं, नावेतल्या पाण्यात बुडवला.

"वहिनी!"

"तुमाले भाऊ इथी पाह्यजे का नाई?" रिंकूचा आवाज अगदी हळू होता. "रात्री तिथी खोकतेत, ते तुमी आयकलं नाई. मी आयकलं फोनवर."

दिव्यानीला भाऊ हवा होता. रिंकूइतकाच. तिनं तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठाकडं पाहत राहिली. मागं गंज बुडायचा, भरायचा, नदीत रिता व्हायचा. ऐकायचं नाही म्हणून तिनं मुठी आवळल्या. मोजणं थांबलं नाही. नऊ.

हेमराज धावतच खाली आला. चेहरा फुलला होता. "ब्रह्मपुरी सोडली त्याइनं! पोरगी विचारते, नावेतून मासे दिसतीन का म्हणून." त्यानं नावेत डोकावलं आणि तो एकदम थांबला. "कमीच दिसते न? पाह्य पाह्य, लाव तुई पट्टी."

रिंकू गंज पाठीमागं धरून काठावर उभी होती. दिव्यानीनं तो तिच्या हातातून घेतला, नदीत बुडवून भरला आणि नावेत ओतला.

"हे काय करून राह्यली?"

दुसरा गंज. तिसरा. हेमराज पुढं सरसावला, आणि मग त्याची नजर रिंकूच्या लुगड्यावर गेली. ते गुडघ्यापर्यंत ओलं होतं. तो होता तिथंच उभा राहिला. रिंकू रेतीवर खाली बसली.

नववा गंज ओतून दिव्यानी थांबली. पोत्यांच्या मधलं पाणी तिनं स्थिर होऊ दिलं. मग तिनं मागच्या टोकाला, सर्वांत खोल जागी, पट्टी उभी धरली आणि वाकून वाचली.

पाच सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.