नळीतली फुंकर

नळी ओव्हनशेजारच्या ट्रेमध्ये पडली होती, आणि ती सगळीच्या सगळी निळी होती.

चिंगीने ती उचलली. अजून कोमट होती. दोन्ही टोकांची बुचं काढून शेजारी स्वच्छ कागदावर ठेवलेली. काचेवर आईने कधीतरी कंटाळून कोरलेली वेडीवाकडी चिमणी तेवढी जागच्या जागी होती. म्हणजे नळी तीच.

नव्या बुटांच्या खोक्यात दाण्यांची पुडी येते, त्यातलेच हे सिलिका जेलचे दाणे. प्रयोगशाळेतल्या दाण्यांना रंग दिलेला असतो, एवढाच फरक. कोरडे असले की निळे, ओल शोषली की गुलाबी. एका दाण्यातली ओल हळूहळू शेजारच्या दाण्यांतही पसरत जाते. गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजायचे. ओल उडून जाते आणि दाणे पुन्हा निळे, नव्यासारखे. आधीची ओल कोणाची होती, कशाची होती, त्याचा मागमूसही राहत नाही.

या नळीतली ओल चिंगीच्या आईच्या श्वासाची होती.

आई आणि बाबा दोघं याच प्रयोगशाळेत संशोधन करायचे. श्वासातून किती ओल बाहेर पडते, ते मोजायचे. एका दुपारी आईने गंमत म्हणून स्वतःच नळी तोंडाला लावली आणि दम लागेपर्यंत फुंकत राहिली. गुलाबी रंग अर्ध्यावर येऊन थांबला. "माझी मजल इथवरच," म्हणाली आणि हसत सुटली. त्याच वर्षी ती गेली. चिंगी तेव्हा इतकी लहान होती की आईचा चेहराही तिला फोटोवरून पाठ करावा लागला. स्वतःची म्हणावी अशी आठवण एकच: फुटलेल्या गुडघ्यावर आईने घातलेली फुंकर. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती ती गार फुंकर.

म्हणून दर वर्षी आईच्या वाढदिवसाला चिंगी इथे यायची. बाबा काचेच्या कपाटातून नळी काढून तिच्या हातात द्यायचे आणि ती गालाशी धरायची. निळ्या-गुलाबीची सीमा अशी रेखीव, जणू आई फुंकून आत्ताच खोलीबाहेर गेलीय. "बुचं घट्ट आहेत," बाबा म्हणायचे. त्या दिवशी त्यांना नेमकी धाप लागलेली असायची. जिने चढून आलो, म्हणायचे. धडधाकट लिफ्ट असताना हा माणूस वर्षातून एकदा जिने का चढतो, यावरून बापलेकीचं दर वेळी लटकं भांडण व्हायचं.

आज ते भांडणही शेवटचंच होतं. बाबा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि नळी कायमची चिंगीच्या घरी जाणार होती. चष्म्यांचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती आली होती, तीही ठरल्या वेळेच्या बरीच आधी. घरात बसवेना, म्हणून. नळी गुंडाळायला पर्समध्ये मऊ ओढणीसुद्धा होती.

हे काम नव्या मदतनीस बाईंचं, दुसऱ्या कोणाचं? बाबाच परवा फोनवर कौतुकाने सांगत होते, "बाई कामाला वाघ आहेत. गुलाबी दिसलं की चाललं ओव्हनमध्ये."

चिंगी स्टुलावर बसली. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. लहानपणी आई गेली तेव्हा काही कळलं नव्हतं. आता सगळं कळत होतं.

मग तिला बाबा आठवले. त्यांना कळलं तर? निरोपाच्या तोंडावर, या वयात? इतकी वर्षं जिवापाड जपलं आणि शेवटच्या दिवशी घालवून बसलो, म्हणून स्वतःलाच खात बसतील. दोन घास धड जाणार नाहीत. बाईंची नोकरी जाईल ते वेगळंच. आपलं गेलं ते गेलं, पण बाबांचं राहू दे, असं तिला अगदी पोटातून वाटलं.

तिने बाहेर डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं. नळी पुरती गार होईपर्यंत ती थांबली, मग ओठांना लावली आणि फुंकली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. ती फुंकत राहिली. ओठांजवळचे दाणे आधी मळकट जांभळे झाले, मग हळूहळू गुलाबी. रंग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता. छाती भरून आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. रंग चिमणीच्या पायाशी पोचला तेव्हा ती थांबली. आईसुद्धा इथेच थांबली होती. आपला दमही इथेच संपला याचं तिला इतकं बरं वाटलं, की आपण बाबांना फसवतोय हे ती घटकाभर विसरलीच.

बुचं घट्ट बसवून तिने नळी कपाटात तिच्या जागी ठेवली. मग शेजारच्या वजनकाट्यांच्या खोलीत जाऊन बेसिनवर तोंड धुतलं. रडवेला चेहरा घेऊन बाबांसमोर जाण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. मग पावलं, आणि बाबांचा आवाज. मदतनीस बाईंना ते काहीतरी विनोद सांगत होते. आवाज ठणठणीत होता, धाप अजिबात नाही. चिंगीने ओढणीने तोंड पुसलं आणि दाराच्या मुठीला हात घातला.

पलीकडे कपाटाची काच सरकली.

"अहो बाई, ही अजून गुलाबीच?" बाबा म्हणाले. "सकाळीच भाजून ठेवा म्हटलं होतं ना मी? आता ही भाजायची कधी, गार व्हायची कधी, आणि माझी लेक यायच्या आत मी अर्ध्यापर्यंत फुंकायची कधी?"