शिओमी स्थानकाची धून

जपानमधल्या या एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी पोचेपर्यंत ही गाडी शिओमीला थांबते. तेवढ्या वेळात हिरुमा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला. पाठीवर गिटार होती. शेवटच्या डब्याबाहेर गार्ड उभा होता.

"एक विनंती होती," हिरुमा म्हणाला. "गाडी सुटताना वाजते ती धून आज पूर्ण वाजू द्याल?"

गार्डच्या छातीवर हाचिया असं नाव होतं. त्याने खांबावरच्या बटणाकडे पाहिलं. ते दाबलं की धून सुरू होते, आणि दारं लावायची वेळ झाली की गार्डच ती मध्ये तोडतो.

"तुम्ही हिरुमासान ना? आमच्या थोरल्या भावाकडे तुमची रेकॉर्ड होती. मासेमारांची जाळं ओढायची गाणी, आणि मागे तो सगळा गोंगाट. वडील म्हणायचे, हा माणूस भातावर आइस्क्रीम घेऊन खात असेल."

"दुकानदारांचंही तेच. कुठल्या फळीवर ठेवू, विचारायचे."

"मग?"

"मग दाराजवळ ठेवायचे. स्वस्तात."

हाचिया हसला. हिरुमाही थोडा हसला.

रेल्वेवाल्यांनी या स्थानकासाठी धून मागितली तेव्हा हिरुमाने आयुष्यभर जे केलं ते सगळं तिच्यात घातलं होतं. जाळं ओढणाऱ्यांचा ठेका, त्यावर धावणारी गिटार, आणि शेवटी ताणलेल्या तारेवरून सावकाश खाली येणारा एक लांब सूर. त्या सुराशिवाय आधीच्या धावण्याला काही अर्थ नव्हता. घरी त्याने तो कितीदा तरी ऐकला होता. इथे, माणसांत, एकदाही नाही.

"उद्यापासून चालकच दारं लावणार," हाचिया म्हणाला. "धून बंद, आणि मीही बंद. पण आज गाडी उशिरा सुटली तर लेखी खुलासा मागतील."

"मागू देत. उद्या देणारा कुठे असणार आहे?"

"तुम्ही रॉकवाले," हाचिया पुटपुटला आणि त्याने टोपी सारखी केली.

"इतकी वर्षं वाजवताय. तुम्ही तोडता त्याच्यापुढे काय आहे, माहीत आहे?"

"दारं," हाचिया म्हणाला.

समोरची गाडी आली. हाचियाने बटण दाबलं. ठेका सुरू झाला, मग गिटार. शाळेच्या मुली पळत येऊन डब्यात शिरल्या. तोडायची जागा आली. हाचियाचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

लांब सूर फलाटावर पसरला.

हिरुमाने डोळे मिटले नाहीत. त्याला चेहरे पाहायचे होते. उघड्या दारांतून एकेक मान वर होताना दिसली. कोणी हातातला फोन खाली केला. मुलींच्या गप्पा थांबल्या. सगळा डबा ऐकत होता.

दाराजवळ बसलेल्या म्हातारीने मांडीवरची कांद्याची पात सावरली, बाहेर वाकून वर भोंग्याकडे पाहिलं आणि मग हिरुमाकडे.

"काय हो, बिघडलंय वाटतं काहीतरी?"

सूर अजून खाली येत होता.

"होईल आत्ता बंद, आजी," हिरुमा म्हणाला.