सगळ्यात आधी गणपती

"गणपती नावाची फाईल कोणी उडवली?" साबुदाण्याची खिचडी बाजूला सारत खांबेटे सर ओरडले. प्रोग्राम सुरू होताक्षणीच कोसळत होता आणि क्लायंट तासाभरात येणार होता.

"मी," नवी इंजिनिअर शलाका म्हणाली. "तिच्यात एकच व्हेरिएबल होतं, ते दुसऱ्या फाईलमध्ये हलवलं. कोडमध्ये कसली अंधश्रद्धा?"

तिने तपासणीचं टूल चालवलं आणि ओशाळली. "सर, ते व्हेरिएबल तयार होण्याआधीच बाकीच्या फायली ते वापरताहेत. गणपती फायलींच्या यादीत पहिला होता, म्हणून ते सगळ्यांआधी तयार व्हायचं आणि हा बग लपून राहायचा."

"बग?" सर मटकन बसले. "अगं, प्रोग्राम पडू नये म्हणून मी बारा वर्षं संकष्ट्या करतोय!"

तिने कोड बदलून क्रमाची भानगडच मिटवली. प्रोग्राम धावला.

सरांनी कॅन्टीनला फोन लावला. "खिचडी परत ने. दोन बटाटेवडे पाठव."