पान सातवरचा तिसरा तास

"अर्ज मी भरून ठेवलाय, बाई. तुम्ही फक्त सही मारा," भाऊसाहेब म्हणाले.

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. समोर बसलेल्या बाई तीन वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका होत्या. 'प्रभारी' हा शब्द काढायचा तर संस्थेची अट होती : एका वर्षात शैक्षणिक प्रशासनातली पदव्युत्तर पदवी. नाहीतर पदाची जाहिरात निघणार. प्रवेशअर्ज भरायची मुदत आज पाचला संपत होती. साडेतीन वाजून गेले होते.

टेबलावर दोन माहितीपत्रकं होती. पहिलं एका वर्षाच्या, घरबसल्या करायच्या अभ्यासक्रमाचं. दुसरा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. शनिवारची दुपार, रविवार पूर्ण, शिवाय चाळीस दिवस दुसऱ्या एखाद्या शाळेच्या ऑफिसात काम.

"या एका वर्षवाल्यांना मीच फोन केला होता," भाऊसाहेब कौतुकानं सांगू लागले. "म्हटलं, आमच्या बाईंना मान वर करायला वेळ नसतो. तर तो म्हणतो, मॅडमना सांगा, टेन्शन घेऊ नका. आम्ही शिकवत काहीच नाही."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या दुसऱ्या माहितीपत्रकाचं पान सात बघत होत्या. तिथे नमुन्यादाखल एका शाळेचं वेळापत्रक छापलं होतं. या शाळेच्या बावीस तुकड्यांचं आणि एकतीस शिक्षकांचं वेळापत्रक चौदा वर्षं बाईच लावत होत्या. त्यांची पेन्सिल सोमवारवरून खाली आली आणि थांबली.

त्यांनी माहितीपत्रकावरचा नंबर फिरवला. एका वयस्कर बाईंनी फोन उचलला. विभागप्रमुख, असं त्यांनी सांगितलं.

"तुमचं पान सात चुकलंय," बाई म्हणाल्या. "सोमवारी तिसऱ्या तासाला सातवी 'अ'ला विज्ञान आहे आणि 'ब'लाही विज्ञान आहे. दोन्हीकडे शिक्षिका एकच. एक माणूस दोन वर्गांत कसा उभा राहील?"

भाऊसाहेबांनी डोक्याला हात लावला.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"सहा वर्षं हे पान छापतोय," विभागप्रमुख म्हणाल्या. "तुम्ही कसं दुरुस्त कराल?"

"'ब'चा चित्रकलेचा तास पाचवा आहे. तो तिसऱ्यावर आणायचा, विज्ञान पाचव्यावर टाकायचं. चित्रकलेचे सर तिसऱ्याला मोकळे आहेत."

"मग झालं की."

"नाही झालं. अशानं विज्ञानाच्या बाईंना सलग सहा तास येतात. सहाव्या तासाला घसा बसलेला असतो आणि मुलांना ते बरोबर कळतं. त्यांचा मंगळवारही हलवावा लागेल."

"कुणाला मोकळा तास कधी द्यायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

चौदा वर्षांत हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं. वेळापत्रक लागलं का, एवढंच विचारायचे.

"अंदाजानं," त्या म्हणाल्या.

"त्या अंदाजात काय काय येतं, ते कधी लिहून काढलंय?"

"नाही."

"आमच्याकडे पहिलं वर्ष त्यातच जातं. खूप जड जातं लोकांना. बरेचजण सोडून जातात."

बाईंनी फोन ठेवला. भाऊसाहेबांनी भरून ठेवलेला अर्ज बाईंनी त्यांच्याकडे परत सरकवला आणि दुसऱ्या माहितीपत्रकातला कोरा अर्ज ओढून घेतला.

"बाई, दोन वर्षं!" भाऊसाहेब कळवळून म्हणाले. "संस्था एकच वर्ष थांबणार आहे. उद्या कुणी पोरसवदा साहेब या खुर्चीत येऊन बसेल आणि तुम्ही त्याला वेळापत्रक लावून द्याल."

"देईन की. त्यात चूक नसेल."

अर्ज पंधरा मिनिटांत भरून झाला. "अनुभव" या रकान्याला जागा पुरली नाही. बाईंनी मागच्या बाजूला लिहिलं आणि खाली बाण काढला.

"आता संस्थेला पत्र टाइप करा. मला दोन वर्षं लागणार आहेत."

भाऊसाहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि सवयीनं टाइप केलं : 'विषय : मुदतवाढ मिळणेबाबत'. या ऑफिसातून संस्थेकडे गेलेलं प्रत्येक पत्र असंच होतं. खडू मिळणेबाबत, बाक मिळणेबाबत, रजा मिळणेबाबत. सव्वीस वर्षांत त्यांच्या बोटांना दुसरा शब्द माहीत नव्हता.

बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "'मिळणे' खोडा."

"मग काय घालू?"

"'पदवीस दोन वर्षे लागणार असल्याचे कळविणेबाबत.'"

भाऊसाहेबांची बोटं थांबली. त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"असं पत्र इथून आजवर गेलेलं नाही, बाई."

"मग जावक क्रमांक नीट घाला."

त्यांनी नवा विषय टाइप केला. एकदा मनात, एकदा ओठ हलवून वाचला. पाठ खुर्चीला टेकली होती, ती सरळ केली. मजकूर चार ओळींचा झाला. त्यात 'विनंती' कुठेच आलं नाही. शेवटाला आल्यावर मात्र ते अडखळले.

"खाली 'आपली नम्र' ठेवू ना?"

"ठेवा," बाई म्हणाल्या. "नम्र तर मी आहेच."