पंखावरचा ओघळ

पंखावरचा ओघळ नाहीसा झाला होता. सकाळी कामावर जाताना तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. गॅलरीतल्या टेबलावरचं हातभर लांबीचं विमान, छंद म्हणून तिने महिनाभर खपून जोडलेलं, आणि शेवटच्या रंगाला घाई नडली. स्प्रेचा डबा फार जवळ धरला गेला आणि लाल रंग मेणासारखा पंखावरून ओघळून तिथेच वाळला. आता तिथे बोट फिरवलं तर अगदी गुळगुळीत. कोणीतरी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, दमादमाने, तो घासून काढला होता.

तिने बोट झटकन मागे घेतलं.

दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. तिला मात्र असली दुरुस्ती ओळखीची होती. तिचा नवरा रागाच्या भरात वस्तू फोडायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच वस्तू बेमालूम जोडून जागेवर आणून ठेवायचा. कपबशी, चष्मा, एकदा तर तिने बनवलेलं अख्खं जहाज. वर विचारायचा, "बघ, आहे का मी वाईट?" तिचा हात तेवढा त्याला जोडता आला नाही, तो डॉक्टरांनी जोडला. मग ती आईकडे राहायला आली. आईच्या घराची एक किल्ली त्याच्याकडेच राहिली होती. फोनवर तो इतकंच म्हणाला होता, "येईन मी. तुला कळणारही नाही."

तिने घर पालथं घातलं. कपाट, पलंगाखालची जागा, बाथरूमच्या दारामागे. कोणी नव्हतं. ती आईच्या खोलीत गेली.

"आई, कोणी आलं होतं का गं?"

आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिने हेच चाललं होतं. उजवा हात गेला, वाचा गेली. धरून धरून चालवा, बोलायला लावा, सगळं परत येईल, असं व्यायाम शिकवणारी बाई शपथेवर सांगायची. पण व्यायामाचं नाव काढलं की आई डोळे मिटून घ्यायची. बावीस वर्षं फ्रिजच्या कारखान्यात उभ्याने काम केलेली बाई आता पाण्याच्या पेल्यासाठीही हात पुढे करत नव्हती. आईने त्याला पाहिलंय आणि ती घाबरली आहे, अशी लेकीची खात्री पटली.

संध्याकाळच्या आत किल्लीवाला आला. त्याने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. "ताई, याला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"तरी बदला."

पोलिसांकडे जायचं तर सांगायचं काय? चोर आला आणि खेळणं दुरुस्त करून गेला? नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिने पर्समध्ये टाकल्या. रजा कधीच संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती जीव मुठीत धरून कामावर गेली.

दुपारी परतली तर पंखावर रंगाआधी मारायचा करडा प्रायमर. पातळ, एकसारखा, कुठे एक ठिपका कमी नाही की जास्त नाही. तिला इतका चांगला कधीच जमला नव्हता.

नवं कुलूप, दोन्ही किल्ल्या आपल्याजवळ, आणि तरी तो येऊन जातो. आईच्या पलंगापासून चार पावलांवर, गॅलरीतल्या त्या टेबलाशी निवांत उभा राहतो. आपण त्याच्यापासून पळालो आणि त्याला आईच्या उशाशी आणून ठेवलं, या विचाराने तिने जेवणाचं ताट तसंच सरकवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी निघाली. दाराला कुलूप लावलं, आणि खाली न उतरता वरच्या जिन्यात जाऊन बसली. मांडीवर हातोडी. पेपरवाला येऊन गेला. शेजारीण दार ओढून कामाला गेली. अर्धा तास झाला, तिने दारावरची नजर हलवली नाही. दाराशी कोणी आलं नाही.

आणि आतून आवाज आला. टक टक टक टक. स्प्रेचा डबा हलवला की आतली गोळी वाजते, तसा.

म्हणजे तो बाहेरून येतच नव्हता. तो आत होता, आईजवळ.

तिने जिना उतरून कुलपात किल्ली घातली. दार उघडताच ती धावत सुटली आणि हातोडी उगारून तिने गॅलरीच्या दाराला लाथ घातली.

आई उभी होती. कंबर टेबलाला टेकवलेली, उजवा हात पोटाशी लुळा, चेहरा घामाने निथळत होता. डाव्या हातात रंगाचा डबा, पंखापासून बरोबर वीतभर लांब. बावीस वर्षं तिने फ्रिजच्या दारांना रंगच मारला होता. लाल पट्टा पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता सरकला. मग आईने मान वळवली, लेकीकडे नाही, तिच्या हातातल्या हातोडीकडेही नाही, सताड उघड्या दाराकडे, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"दार... लाव," चार महिन्यांनी आई बोलली. "धूळ... बसेल."