पादुकांचे मोल

“अशी वस्तू नियमांच्या पुस्तकात नाही, सर,” मैथिली म्हणाली. “पण माझ्या योगिनीला पादुका हव्यात. कुठूनही याच तळावर परत आणणाऱ्या.”

त्रिविक्रमशास्त्र्यांनी फासे बाजूला ठेवले. प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायच्या फाशांच्या या कल्पनाखेळाचे ते सूत्रधार. नव्या मायावी वस्तूचे मोल तेच ठरवीत, आणि त्यात त्यांनी आजवर कोणाचीही भीड धरली नव्हती. मैथिली या मेजाशी प्रथम बसली ती शाळकरी वयात. उद्या ती नोकरीसाठी नॉर्वेला निघणार होती.

“किती वेळा वापरणार?” त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वापर जितका अधिक, तितके मोल अधिक.

तिने आपल्या वाट्याच्या लाकडी मोहरा चाचपल्या. “एकदाच. तेवढेच परवडेल.”

एकदाच? शास्त्रीबुवांना रविवारच्या कितीतरी दुपारी आठवल्या; पहिल्याच लढाईत पात्र मेले म्हणून तिने धरलेला अबोलाही आठवला.

“हव्या तितक्या वेळा परतता येईल, अशा घे,” ते हळूच म्हणाले. “सहाशे मोहरा.”

“निरोपाच्या दिवशी तरी सूट द्या, बुवा,” मेजाशी शेजारी बसलेले खेळाडू हेगडे म्हणाले.

“सूट दिली, तर न्याय कसला?”

“धन्य आहात.” हेगड्यांनी आपल्या साऱ्या मोहरा तिच्यापुढे सारल्या.

“माझी ढाल राहिली मग पुढच्या खेपेला,” असे पुटपुटत समोर खेळणाऱ्या कुमुदताईंनीही आपल्या सारल्या.

शास्त्रीबुवांनी मोहरा मोजून घेतल्या. एकही सोडली नाही. पुढच्या युद्धात सारे निष्कांचन उतरणार होते.