मशीनची परीक्षा

“आधी माझं पोट बघा!” असं फर्मान सोडून सासूबाई सोनोग्राफीच्या टेबलावर चढूनच बसल्या. आत्ताच तपासून उठलेली सून साडी सावरत बाजूला झाली. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या.

सुनेला मूल होईना, म्हणून या तपासण्या चालल्या होत्या. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. एक्स-रेवाला म्हणतो, सुनेचं गर्भाशय दुभंगलेलं आहे. साध्या सोनोग्राफीत सगळं ठीक. आणि हे थ्रीडी मशीन म्हणतं, आत मधोमध पडदा आहे. वर डॉक्टरीणबाई म्हणतात, दुर्बिणीने बघू म्हणजे नक्की कळेल. “तिघांच्या तीन तऱ्हा! विश्वास ठेवायचा कुणावर?”

इथवर सुनेलाही ते पटलं असतं. पण सकाळीच बाईंनी मुलाला बजावलं होतं, दोष पक्का ठरला तर हिला माहेरी सोडून ये, दुसरी मी बघते. आणि तो नंदीबैल मान हलवून मोकळा झाला होता. आता बाहेर बाकावर बसून मोबाइल बघत होता मेला!

“मशीन माझ्यावर ताडून बघा,” सासूबाई म्हणाल्या. “चार बाळंतपणं झालीत माझी, एकही अडलं नाही. माझ्यात खोट दाखवली तर हे मशीन भंगारात घाला. नाही दाखवली, तर मशीन खरं आणि खोट हिच्यातच.”

डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं. “अगं बाई, गार किती!” सासूबाई किंचाळल्या. डॉक्टरीणबाईंनी चित्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, आणि उगीचच खोकल्या.

“काकू, हा बघा पडदा. सूनबाईंसारखाच. तुमचा जरा मोठाच आहे.”

सासूबाईंचा आ वासला तो वासलेलाच. सुनेने हसू कसंबसं दाबलं आणि अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, “आई, मग मशीन भंगारात घालायचं का?”

सासूबाईंची पंचाईत झाली. मशीन खोटं म्हणावं, तर सुनेत दोषच नाही. खरं म्हणावं, तर असल्याच पडद्याआड चार पोरं वाढली, बाहेरचा तो ठोंब्या धरून.

त्या टेबलावरून उतरल्या, तरातरा गेल्या आणि दार उघडून मुलावर खेकसल्या, “ऊठ रे! आमचं दोघींचं झालं. आता तुझा नंबर!”